सिव्हिल लोक

आमचे हे फौजेतून रिटायर होऊन आले, त्या दिवशी संगमनेरच्या स्टँडवर हार घेऊन सात माणसं उभी होती. हार मी आणले होते आणि माणसंही मीच जमवली होती. गल्लीतले चौघं, दूध घालणारा, किराणावाला आणि त्याचा मेहुणा. ह्यांनी मान वाकवून एकेक हार घालून घेतला, प्रत्येकाचा हात दाबला आणि रिक्षात बसल्यावर मला म्हणाले, “लोकांनी फार प्रेम दिलं.”

मी रस्त्याकडे बघत राहिले.

ह्यांचं नाव बिभीषण. लग्नात उखाण्यात घेतलं, त्यानंतर आत्ताच घेते आहे. चोवीस वर्षं नोकरी, रिटायर होताना हवालदार, काम रसदीचा ट्रक चालवायचं. ते काम हलकं होतं असं मी म्हणणार नाही. बर्फात, एका बाजूला दरी आणि एका बाजूला डोंगर, अशा रस्त्यांवर ह्यांनी गाड्या काढल्यात. पण घरी आल्यावर हे बोलायला लागले की वाटायचं, सगळी सरहद्द ह्यांच्याच सहीनं चालत होती.

आम्ही मूळचे खर्ड्याकडचे. तिकडं पाऊस नाही, दिवाळी झाली की अर्धं गाव ऊसतोडीला जातं. ह्यांच्या पलटणीत सहादेव म्हणून मित्र होता, काष्टीचा. त्याची बहीण संगमनेरला दिलेली. त्यानं ह्यांच्या डोक्यात घातलं की संगमनेरला कॉलेजं वाढतायत, खोल्या बांध, मुलींना भाड्यानं दे, रिटायर झाल्यावर बसून खा. ह्यांनी एका सुट्टीत नाशिक-पुणे रस्त्याच्या आतल्या बाजूला प्लॉट घेतला. दुसऱ्या सुट्टीत फेटा बांधून कुदळ मारली, फोटो काढला आणि गेले.

पुढचं घर मी बांधलं.

तीन वर्षांची मुलगी घेऊन मी त्या प्लॉटवर पत्र्याच्या शेडमध्ये राहिले. ती मुलगी आता पुण्याला हॉस्टेलवर राहून शिकते. भीमा गवंडी काम करायचा. शेजारच्या अकोले तालुक्यातला माणूस, बोलायला कडू, हातानं सरळ. त्यानं मला सगळं शिकवलं. वाळू मुठीत दाबून हात झटकायचा, तळव्याला किती माती राहते ते बघायचं. स्लॅब पडला की वर आळी करून पाणी साठवायचं आणि दहा दिवस सुकू द्यायचं नाही. बाथरूमच्या फरशीवर तांब्याभर पाणी ओतायचं आणि ते आपण होऊन जाळीकडे जातं का, ते उभं राहून बघायचं. हे फोन करायचे. “कुठवर आलं?” मी म्हणायचे, “लिंटलपर्यंत, खिडक्या झाल्या.” हे म्हणायचे, “शाबास.” एवढीच त्या घरात ह्यांची मजुरी.

खाली आम्ही, वर सहा खोल्या, चार बाथरूम. नर्सिंगच्या आणि फार्मसीच्या मुली. बारा वर्षं एकही खोली महिनाभर रिकामी राहिली नाही. मुली मला काकू म्हणायच्या. एखादीला ताप आला तर मी दवाखान्यात न्यायचे आणि एखादीनं भिंतीला खिळा ठोकला तर तिच्या आईला फोन लावायचे.

हे आले आणि तिसऱ्या दिवशी सकाळी वर गेले. इस्त्रीचा शर्ट, पाठीमागं हात. प्रत्येक खोलीचं दार वाजवलं आणि चादरींना सुरकुत्या का आहेत ते विचारलं. खाली येऊन मला म्हणाले, “सिव्हिल लोकांना काय डिसिप्लिन नसते. बघ ना, बादली दारात. बादलीची जागा दारात असते का?”

“त्या पोरी हायत,” मी म्हणाले. “पलटन न्हाई.”

“हेच. हेच सिव्हिल लोकांचं उत्तर असतं.”

तेव्हापासून तो शब्द घरात राहायलाच आला. भाजीवाला वजनात मारतो, सिव्हिल. नगरपालिकेचा नळ उशिरा येतो, सिव्हिल. बँकेत रांग हलत नाही, सिव्हिल. एक दिवस मी आमटीत मीठ विसरले तर तेही त्याच खात्यात गेलं. चोवीस वर्षं मी एकटीनं काय केलं याचं ह्यांना काही वाटत नव्हतं आणि ह्यांनी काय केलं याचं मला वाटेनासं झालं. ताटावर बसून हे रणनीती सांगायचे, मी भाकरी थापत मनात म्हणायचे, बोला साहेब. हे मोजे स्वतः धुऊन वाळत घालायचे आणि त्यांच्यात चार बोटांचं अंतर ठेवायचे. ते बघितलं तरी माझ्या ओठाचा एक कोपरा खाली जायचा.

मार्चमध्ये ह्यांनी जाहीर केलं की घराचं रिनोव्हेशन करायचं. सगळी बाथरूम नवीन, खोल्यांना पीओपीचं छत, गेटवर पाटी, ‘सैनिक रेसिडेन्सी’. भाडं वाढवायचं आणि ‘चांगल्या घरच्या’ मुली ठेवायच्या.

“आत्ता हायत त्या कोनाच्या घरच्या?” मी विचारलं.

“तसं नाही. स्टँडर्ड वाढवायचं. रिटायरमेंटचा पैसा आलाय तो असा कामाला लावायचा असतो. सहादेवचा भाचा इंटिरियर करतो, वाल्मिक. त्याला बोलावलंय.”

“भीमाला सांगा की.”

“भीमा गवंडी आहे गं,” हे हसले. “त्याला काय कळतंय डिझाइन?”

भीमा त्याच आठवड्यात गच्चीची एक चीर भरायला आला होता. ह्यांनी त्याला गेटमध्येच थांबवलं आणि सांगितलं, की आता प्रोफेशनल माणूस नेमलाय. भीमानं माझ्याकडं बघितलं. मी दोरीवरचे कपडे काढत होते, काढत राहिले. तो थापी पिशवीत घालून सायकलवर बसून गेला.

वाल्मिक आला तो पांढऱ्या गाडीतून. त्याचे बूट इतके स्वच्छ होते की मला तिथंच शंका आली. त्यानं एक छोटं यंत्र काढलं, भिंतीवर लाल रेघ पाडली आणि म्हणाला, “मामा, बघा, लेझर.” ह्यांना ते फार आवडलं. दोघं त्या रेघेकडं बघत उभे राहिले. मग वाल्मिकनं चारही बाथरूम पाहिली, मोबाईलवर फोटो काढले, फरशी बुटाच्या टाचेनं ठोकून बघितली आणि म्हणाला, “चारी एकदम फोडू. एकदमच होऊन जाईल.”

त्यानं पाइप कुठून जातात ते विचारलं नाही. सांडपाण्याचं चेंबर कुठं आहे ते विचारलं नाही. फरशीवर तांब्याभर पाणी ओतलं नाही. वर पंधरा मुली राहतात, त्या अंघोळीला कुठं जाणार, हे तर त्याच्या मनातही आलं नाही. ज्या माणसाला चेंबरची जागा माहीत नाही आणि हवीही नाही, तो बाथरूम बांधणारा नसतो. हे मला पाच मिनिटांत कळलं होतं. त्याच संध्याकाळी साखर आणायला गेले तर किराणावालाही म्हणाला, “वैनी, वाल्मिकला काम दिलं? गुंजाळवाडीत एकाचं अर्धं सोडून आलाय त्यो.”

आता जे सांगते ते नीट ऐका, कारण ही गोष्ट नुसती ह्यांच्या फुशारकीची नाही.

मी घरी येऊन काही बोलले नाही. भीत होते म्हणून नाही. ह्यांना मी कधीच भ्याले नाही. वाद नको म्हणूनही नाही, वाद मला चांगला येतो. मी गप्प राहिले, कारण मला ह्यांना तोंडावर पडलेलं बघायचं होतं. पडू दे एकदा, असं मला वाटलं. कळू दे, घर बांधणं म्हणजे काय असतं. त्या दिवशी मी चहा केला, वाल्मिकला बशीत बिस्किटं दिली आणि ह्यांनी विचारलं, “कसा वाटला पोरगा?” तेव्हा म्हणाले, “तुमाला पटला ना? मग झालं.”

ह्यांनी वाल्मिकला निम्मे पैसे आधीच मोजले आणि एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात चारी बाथरूम फुटली. तीन दिवस धूळ घरात, भातात, अंथरुणात. वाल्मिकचे बिगारी घण घालायचे आणि हे जिन्यात उभे राहून “शाबास, और एक” म्हणायचे. चौथ्या दिवशी बिगारी आले नाहीत. वाल्मिकचा फोन लागला, तो म्हणाला टाइल्स गुजरातवरून येतायत. पुढच्या आठवड्यात म्हणाला, ट्रक बंद पडलाय. ह्यांनी त्याला फोनवर ट्रक कसा दुरुस्त करायचा ते समजावून सांगितलं. मी स्वयंपाकघरात पदर तोंडाला लावून हसले. खरंच हसले.

वरच्या मुली खाली आमच्या बाथरूममध्ये यायला लागल्या. पंधरा मुली, एक बाथरूम, त्यात उन्हाळ्याचं पाणी. पहाटेपासून अंगणात रांग. हे रांगेच्या बाजूला खुर्ची टाकून बसायचे आणि घड्याळ बघायचे. “सात मिनिट. नेक्स्ट.” पोरी मान खाली घालून जायच्या. आठवड्यात चार जणी खोली सोडून गेल्या. नंतर आणखी तीन.

ज्ञानेश्वरी राहिली होती. नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, तीन वर्षं माझ्याकडं. आमच्याच पट्ट्यातली, पाथर्डीकडची. आईबाप ऊसतोडीला, ती आजीकडं वाढलेली. शब्द कमी, काम चोख. परीक्षेला वीस दिवस राहिले होते. एक दिवस ती पहाटे वरच्या फुटक्या बाथरूममध्येच बादली घेऊन गेली, रांग नको म्हणून. फरशी उखडलेली, खाली विटांचे तुकडे. तिचा पाय घसरला आणि मनगट मोडलं. उजवं.

मी तिला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. प्लॅस्टर झालं. परत येताना म्हणाली, “काकू, तुमी त्या मानसाला पहिल्याच दिवशी वळखलं हुतं ना?”

“कोनाला?”

“त्या लेझरवाल्याला. तुमी त्याला बिस्किटं देत हुत्या, तवा मी जिन्यात हुते. तुमचं त्वांड बघितलं मी.”

मी तिच्या औषधांची पिशवी मांडीवर सरळ केली.

“मला वाटलं, काकू आता काकांना सांगत्यान,” ती म्हणाली. “म्हनून मी खोली सोडली न्हाई.”

दुसऱ्या दिवशी तिची आजी आली आणि तिला घेऊन गेली. ज्ञानेश्वरी एका हातानं पुस्तकं उचलायला लागली तेव्हा मी पुढं झाले, तर म्हणाली, “राहू द्या.” शेवटच्या वर्षाची परीक्षा तिनं त्या वेळी दिली नाही. उजव्या हातानं लिहिता येत नव्हतं.

जूनच्या शेवटी घरात एकही मुलगी नव्हती. वाल्मिकचा फोन बंद. सहादेवला फोन केला तर तो म्हणाला, बहिणीशी आपलं बोलणं नाही, मला मध्ये घालू नको. जुलैत ॲडमिशन सुरू झाल्या. गाडीतून आईबाप यायचे, हे इस्त्रीच्या शर्टात गेटवर उभे राहून वर न्यायचे आणि पाच मिनिटांत सगळे खाली यायचे. एक बाई जाताना नवऱ्याला म्हणाली, “मिलिटरीवाल्याचं घर आहे म्हणून आलो होतो.” ह्यांनी ऐकलं. त्या दिवशी हे जेवले नाहीत. मला वाटलं होतं, हे असं बसलेले बघून मला बरं वाटेल. तसं काही झालं नाही.

मी भीमाच्या घरी गेले. तो ओट्यावर बसून छिन्नीला धार लावत होता. बसा म्हणाला नाही. मी उभ्यानंच सगळं सांगितलं.

“चारी यकदम फोडली?” त्यानं विचारलं.

“व्हय.”

“तुमी घरात हुत्या?”

“हुते.”

“मंग तुमाला कळलं न्हाई?”

“न्हाई कळलं,” मी म्हणाले.

भीमा हसला. ते हसू मी चांगलं ओळखत होते. मी स्वतः चार महिने ह्यांच्याकडं बघून तसंच हसत होते. “ताई,” तो म्हणाला, “ह्ये दुसऱ्या कुनाला तरी सांगा. बारा सालामागं रेती मुठीत धरून मला ट्रक माघारी लावायला लावला हुता तुमी. सोमवारी येतो. पर घरात काय ते मिटवा, मला दोगांच्या मधी काम करायचं न्हाई.”

घरी आले. हे अंगणात खुर्चीवर बसले होते, रांग नव्हती तरी त्याच जागी. मी समोर उभी राहिले आणि सांगून टाकलं. वाल्मिक लबाड आहे हे मला पहिल्या दिवशी कळलं होतं. किराणावाल्यानं सांगितलं होतं. आणि मी मुद्दाम गप्प बसले.

मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर मला उत्तर होतं. चोवीस वर्षांचं उत्तर तयार होतं माझ्याकडं.

“कॉन्व्हॉय असतो,” हे म्हणाले. “चाळीस गाड्या, एकामागं एक. मागच्या ड्रायव्हरला दिसलं की पुढच्या गाडीचं चाक हलतंय. पुढचा ड्रायव्हर त्याला आवडत नाही. मेसमध्ये भांडण झालेलं असतं. तरी तो हॉर्न देतो. लाइट मारतो. का, माहीत आहे? पुढच्या गाडीत पोरं बसलेली असतात.”



“तुला दिसत होतं आणि तू हॉर्न दिला नाहीस,” हे म्हणाले. “का, तर मी तुला आवडत नाही.”

आणि ह्यांनी माझ्याकडं बघितलं. मी ह्यांची ती नजर चार महिने बघत होते, भाजीवाल्याकडं बघायची, बँकेच्या शिपायाकडं, बादलीकडं. ती आज माझ्यावर होती आणि आज ती चुकीच्या जागी नव्हती.

“तुमी तरी मला कधी इचारलं?” मी म्हणाले.

“विचारलं होतं. ‘कसा वाटला पोरगा’ म्हणून विचारलं होतं.”

हे खरं होतं. ह्यांना कितीही नावं ठेवली तरी हे खरं होतं.

सोमवारी भीमा आला. त्यानं आधी वरच्या सगळ्या पाइपांत पाणी सोडून बघितलं. दोन ठिकाणी वाल्मिकच्या बिगाऱ्यांनी घणानं पाइपच फोडला होता आणि वरून माती लोटली होती. हे वर गेले तेव्हा भीमा म्हणाला, “साहेब, उभं ऱ्हायचं तर त्या कोपऱ्यात ऱ्हावा, हितं नगं.” हे त्या कोपऱ्यात जाऊन उभे राहिले. दोन दिवस नुसते उभे होते. तिसऱ्या दिवशी भीमानं घमेलं पुढं सरकवलं, ते ह्यांनी उचललं. मी ते बघितलं आणि सवयीनं माझ्या ओठाचा कोपरा हलला. मग मी खाली आले.

काम दिवाळीला संपलं. पीओपी केलं नाही, पाटी लावली नाही. त्या वर्षी सहापैकी चारच खोल्या भरल्या आणि त्याही अर्ध्या वर्षानंतर, दुसरीकडून भांडून निघालेल्या मुलींनी. हे अजूनही सकाळी फिरून येतात आणि दोन-चार सिव्हिल लोकांची उजळणी करतात. भेंडी सिव्हिल, वीज सिव्हिल. मी ऐकते. ह्यांच्या बऱ्याच गोष्टी मला अजूनही हास्यास्पद वाटतात आणि मोज्यांतलं अंतर तर वाटतंच.

ज्ञानेश्वरीनं पुढच्या खेपेला परीक्षा दिली, पास झाली, नगरला एका दवाखान्यात लागली. हे मला दुसऱ्या मुलीकडून कळलं. मी तिला फोन केला. ती नीट बोलली, तब्येत विचारली. “खोल्या झाल्या का, मॅडम?” असं विचारलं. बारा वर्षांत त्या घरातल्या कुणी मला मॅडम म्हटलं नव्हतं. मी झाल्या म्हणाले. तिनंच “ठेवते, पेशंट आलाय” म्हणून फोन ठेवला.

गेल्या महिन्यात गच्चीवर सोलर बसवायचा विषय निघाला. एक माणूस आला, माप घेऊन गेला, गोड बोलला. तो गेटबाहेर पडल्यावर हे माझ्याकडं वळले आणि कमरेवर हात ठेवून म्हणाले, “काय दिसलं का तुला? दिसलं असेल तर आत्ता सांग.”

“गच्चीवर आधीच पान्याची टाकी हाय, स्लॅब आनखी किती वजन पेलंल त्ये त्यानं इचारलं न्हाई,” मी म्हणाले. “आनि तुमी त्याला दोनदा ‘सर’ म्हनलात, त्याची काय गरज नव्हती.”

“वजनाचं सांग. बाकीचं राहू दे,” हे म्हणाले आणि त्याला फोन लावायला आत गेले.